दिल्लीचं ऊन आणि उभी गाडी

दिल्लीला मी भावाच्या गाडीतून हिंडायला म्हणून गेले, आणि तिथल्या मुक्कामातले बहुतेक दिवस ती गाडी जागची वीतभरसुद्धा हलली नाही. तरी मी रोज तिच्यात बसत होते आणि रोज संध्याकाळी विमानतळापर्यंत जाऊन परत येत होते. हे कसं, ते सांगायलाच हे लिहायला घेतलं आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावची. लाल गाडीवर कंडक्टर आहे. दुसऱ्यांना तिकिटं देण्यात माझी उमर गेली, स्वतःचं तिकीट काढून लांब कुठं जाणं मात्र कधी झालं नाही. धाकटा भाऊ संतोष फौजेत ड्रायव्हर आहे. सध्या तो वर, बर्फाच्या मुलखात आहे. तिथं कुटुंब नेता येत नाही, म्हणून त्याची बायको मनीषा दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. मुलगा वसतिगृहात शिकतो. दसऱ्यानंतर संतोष सुट्टीवर येणार होता. मनीषानं फोनवर मला बजावलं की अक्का, या वेळी तुम्ही आधी या, माझं काम आहे. काय काम ते काही केल्या सांगेना. मी साठलेली रजा टाकली, एका पिशवीत कपडे घेतले आणि एका पोत्यात शेजारच्या मळ्यातले झेंडू भरले. दिल्लीत फुलं मिळत नाहीत असं थोडंच आहे, पण दसऱ्याला आपल्याकडचा झेंडू हवा, असा माझा हट्ट.

रेल्वेत त्या पोत्यानं डबाभर वास केला. समोरच्या बाईंनी विचारलं की फुलं विकायला चाललात का? मी म्हटलं, नाही, घालायला चालले. कोणाला, ते मला तरी तेव्हा कुठं ठाऊक होतं?

निजामुद्दीनला मनीषा फलाटावर उभी होती. मला वाटलं, बाहेर गाडी असेल. तिनं मला रिक्षात बसवलं. मी म्हटलं, "अगं, घरात गाडी असून?"

"गाडी आहे, अक्का. पण ती बाहेर पडत नाही. घरी चला, बताती हूँ." बोलता बोलता हिंदीत शिरायची तिला आता सवयच झाली आहे.

रिक्षातून दिल्ली पहिल्यांदा पाहिली आणि मनापासून आवडली. रस्ते इतके रुंद की आमच्या कोरेगावचा आठवडी बाजार एका बाजूला भरवला तरी दुसऱ्या बाजूनं वरात जाईल. दोन्हीकडे जुनी मोठी झाडं. आणि सगळीकडे एक गोडसर, उग्र वास. तो सप्तपर्णीचा, असं मनीषानं सांगितलं. या दिवसांत ती फुलते आणि दिल्लीकरांना कळतं की थंडी येते आहे. कॅन्टोन्मेंटच्या आत शिरल्यावर तर वर्दळच संपली. चुन्यानं रंगवलेली झाडांची खोडं, झाडलेले रस्ते, एका मापाच्या क्वार्टरांच्या ओळी. त्यातल्या एका क्वार्टरच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली, करड्या कापडाखाली झाकलेली संतोषची गाडी उभी होती.

चहा झाल्यावर मनीषानं सगळं सांगितलं. ही छोटी गाडी संतोषनं जुनीच घेतली, पण जीव लावून वापरली. वर बदली झाली तेव्हा तो तिला सांगून गेला, गाडीला कोणी हात लावायचा नाही. पहिल्याच हिवाळ्यात उभ्या उभ्या बॅटरी उतरली. ओळीतल्या चार जणांनी धक्का मारून गाडी सुरू केली, आणि इंजिन नीट तापायच्या आत ती बातमी वर संतोषपर्यंत पोचली. शेजारच्या बिमला भाभीचा नवरा संतोषच्याच तुकडीत आहे. भाभी मनानं चांगली, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. संतोष फोनवर म्हणाला, उभी गाडी मरते, या सुट्टीत ती विकून टाकतो. जवळच्या पालमचा एक माणूस घ्यायला तयारही होता.

"मला ती विकू द्यायची नाही," मनीषा म्हणाली. "मी गाडी शिकलेय, अक्का. लायसन्स आलंय. ह्यांना ठाऊक नाही. ह्यांना आणायला विमानतळावर मीच जाणार. गाडी जिवंत आहे आणि मला चालवता येते, हे दोन्ही त्यांनी डोळ्यांनी बघायला पाहिजे. मग विकायची तर विकू दे."

आता मला काम कळलं. तिला सोबत हवी होती, आणि ती अशा बाईची, जी आयुष्यभर ड्रायव्हरच्या संगतीत राहिली आहे. शिवाय संतोषला मी तिच्या आधीपासून ओळखते. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असलं की तो डोळ्याला डोळा लावत नाही. माझ्या लग्नाच्या वऱ्हाडात सगळी जीप घोरत होती आणि हा पोरगा टक्क जागा, उजव्या पायानं समोरची फरशी दाबत होता, जणू ब्रेक त्याच्याच पायाखाली आहे. पुढे फौजेत गेला तेव्हाही सांगायचा की ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीत झोपला की समजावं, त्याचं काहीतरी बिनसलंय.

पण मग मनीषा ती गाडी रोज थोडी फिरवून का आणत नाही? तर फाटकाबाहेर चाक पडलं की भाभी, भाभीचा नवरा, आणि संध्याकाळी संतोषचा फोन. शिकवणीसुद्धा तिनं चोरूनच केली होती. मेट्रोनं गुरुग्रामच्या ड्रायव्हिंग क्लासला जायची, आणि ओळीत सांगून ठेवलं होतं की शिवणाचा क्लास लावलाय. हे इतकं खरं वाटलं की भाभीनं एक दिवस ब्लाऊजपीस आणून दिला. मग मनीषा तो गुपचूप सदर बाजारातल्या शिंप्याकडे टाकून आली. भाभीला शिलाई फार पसंत पडली आणि तिनं आणखी दोन आणून दिले. हे ऐकून मला हसता हसता ठसका लागला.

"आणि गाडी जिवंत कशी ठेवलीस?" मी विचारलं. तेव्हा तिनं मला अंगणात नेलं.

कोळसा ठेवायच्या जुन्या खोलीच्या छपरावर, लिंबाची सावली पोचणार नाही अशा जागी, दोन बांबूंना बांधून जेवायच्या पाटाएवढं एक सोलर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून कलतं ठेवलेलं होतं. त्याची वायर भिंतीवरून उतरून गाडीच्या बॉनेटच्या फटीतून आत गेली होती. आत बॅटरीशेजारी काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी बसवलेली. ती डबी बॅटरी जास्त भरू देत नाही आणि रात्री बॅटरीतली वीज उलटी पॅनेलकडे जाऊ देत नाही. मनीषा हे सगळं फोनवर वाचून, बघून शिकली होती. उभ्या गाडीतलं घड्याळ आणि चोरघंटी रोज थोडी थोडी वीज खातात, तेवढी ऊन रोज परत भरतं, एवढाच हिशोब. मोठ्या कामाचं ते नाही, पण उपाशीही मरू देत नाही.

मला सगळ्यात आवडली ती तिची रीत. सकाळी अंघोळ करून तुळशीला पाणी घातलं की त्याच तांब्यातलं उरलेलं पाणी फडक्यावर घेऊन ती स्टुलावर चढून पॅनेल पुसायची. दिल्लीत धूळ फार. एका दिवसात पॅनेलवर बोटानं नाव लिहावं इतका थर बसतो. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून ती बॅटरीला हातातलं छोटं मीटर लावायची. साडेबारा व्होल्टच्या वर आकडा आला की हसायची. मी कितीतरी मेकॅनिक पाहिलेत, पण यंत्राला इतक्या मायेनं वागवणारं माणूस क्वचितच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती मला मेट्रोनं गुरुग्रामला घेऊन गेली, ती शिकली ते रस्ते दाखवायला. मेट्रोच्या फाटकात माझा पदर अडकला आणि मागच्या रांगेचा खोळंबा झाला. जन्मभर लोकांना "पुढे सरका" म्हणणारी मी, मलाच एक कॉलेजची पोरगी म्हणाली, "आंटी, आगे बढ़िए." चांगली जिरली माझी. गुरुग्रामला काचेचे उंच उंच मनोरे, मान दुखेपर्यंत वर बघितलं तरी संपत नाहीत. त्यांच्यामधल्या चौपदरी रस्त्यावर ही कोरेगावची सून गिअर टाकायला शिकली. एका कोपऱ्यावर उभी राहून ती म्हणाली, इथं पहिल्यांदा गाडी बंद पडली होती, मागं शंभर हॉर्न. मग आम्ही हातगाडीवर शकरकंदी (निखाऱ्यावर भाजलेलं रताळं, वर लिंबू आणि मसाला) खाल्ली. उपवासाचं रताळं इतकं चटकदार असू शकतं हे मला दिल्लीनं शिकवलं.

त्या संध्याकाळपासून आमचा विमानतळाचा प्रवास सुरू झाला. गाडीचं कापड काढायचं, दोघींनी आत बसायचं, किल्ली अर्धी फिरवून रेडिओ हळू लावायचा. ओळीतल्या लोकांना वाटायचं, नणंद-भावजय गाणी ऐकत बसल्यात. आत मनीषा बंद इंजिनावर क्लच दाबून गिअर टाकायची, वळणाला इंडिकेटर लावायची, आणि मी थांबे पुकारायचे. फाटक आलं. सिग्नल आला. पुलाखालून डावीकडे. निघताना मी काचेवर बोटानं दोनदा टकटक करायचे. आमच्याकडे एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. माझी डबल बेल वाजल्याशिवाय तिनं गिअर टाकायचा नाही, असं ठरलं होतं. गाडी लिंबाखालीच असायची, पण मनीषाच्या कपाळाला खरा घाम यायचा. रोज अर्धा तास रेडिओ आणि दिवे चालायचे, आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन ते भरून काढायचं.

मग दसरा आला. ओळीत आणखी तीन-चार मराठी घरं आहेत. आदल्या दिवशी खंडेनवमीला त्या बायकांनी घरातली हत्यारं, विळ्या, शिवणयंत्रं पुजली. मनीषानं तिचं बॅटरीचं मीटर देव्हाऱ्यासमोर पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याची पानं हवीत, ती दिल्लीत कुठली? तिथं कचनार (आपट्याच्याच जातीचं झाड, पान तसंच दोन दळांचं) वापरतात. पान आपल्यापेक्षा बरंच मोठं. दिल्लीचं सोनंही थाटाचं, असं मी म्हटलं.

आमच्या डेपोत दसऱ्याला प्रत्येक गाडीला हार पडतो, आणि तो ड्रायव्हर-कंडक्टरनं मिळून घालायचा असतो. हार ओवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मी झेंडूचे दोन हार केले. एक गाडीला घातला. दुसरा हातात धरून मी सगळ्यांना म्हटलं की या गाडीला खरं कोण जगवतंय? मग बायकांनी मलाच स्टुलावर चढवलं. मनाजोगता भरगच्च हार मी पॅनेलवर तिरका, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत घातला. मनीषानं मधोमध कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. बाकीच्यांनी पायथ्याशी कचनारचं सोनं ठेवलं. बिमला भाभीला आधी हे नवलच वाटलं, मग तिनंही घरातून एक माळ आणून वर चढवली. ओवाळताना मनीषाचे डोळे भरून आले. मलाही वाटलं, मळ्यातली फुलं इतक्या लांब आणल्याचं सार्थक झालं.

दसऱ्याचा हार आपण काढत नाही. सुकून गळेल तेव्हा गळेल. मनीषा रोज सकाळी हाराला धक्का न लावता कडेकडेनं पॅनेल पुसत राहिली. मीटरही पाटावरून उचललं नाही, पूजेतली वस्तू इतक्यात कशाला हलवा म्हणून. आणि आमचा विमानतळाचा प्रवास रोज संध्याकाळी चालूच होता.

संतोष येणार त्याच्या आदल्या दिवशी मला लाल किल्ला बघायला न्यायचं ठरलं होतं. सकाळी निघण्यापूर्वी मनीषा म्हणाली, एकदा इंजिन सुरू करून बघू, म्हणजे निवांत फिरता येईल. तिनं किल्ली फिरवली. आतून नुसतं कट कट कट असा आवाज आला. रेडिओचा दिवा लागला आणि मंद होऊन विझला.

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. धक्का मारायला माणसं बोलवावीत, तर संतोष निघायच्या आत त्याला कळणार, आणि मग पालमच्या माणसाला बोलवायला तो विमानातून उतरायची वाट बघणार नाही. आम्ही बॉनेट उघडलं. डबीवरचा हिरवा दिवा बंद होता. मनीषानं वायर बघितली, चिमटे बघितले, सगळं जागच्या जागी. मग आम्हा दोघींची नजर एकदमच वर गेली.

पॅनेलवर माझा हार होता. फुलं सुकून काळपट झाली होती, पण झेंडूच तो, अजून दाटच होता. खाली स्वस्तिक, बाजूला भाभीची माळ. पॅनेलमधले तुकडे एकमेकांना जोडून असतात. ओळीत उभं राहून घमेली पुढे देणाऱ्या बायकांपैकी एक जरी खाली बसली तरी सगळी ओळ अडते, तसं एका तुकड्यावर सावली पडली की बाकीच्यांचं काम थांबतं. आणि आम्ही तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावली घातली होती. देवाला घातलेल्या फुलांनी आम्ही देवालाच उपाशी ठेवलं होतं.

मनीषाला हार काढायचं धाडस होईना. मला तरी कुठं होत होतं? पण मीच घातला, तर मीच काढायला हवा. मी स्टुलावर चढले, हात जोडले आणि मनात म्हटलं, बाबा, आता मान पुरे, कामाला लाग. हार उतरवला, तुळशीच्या मुळाशी ठेवला. मनीषानं ओल्या फडक्यानं स्वस्तिक पुसलं, तेही पुटपुटत माफी मागून. मीटर पाटावरून खाली आलं. त्यावरचा आकडा बघून तिनं मला तो दाखवलाही नाही.

"सूरज साफ असता तर..." ती म्हणाली. वर बघितलं तर दिल्लीवर त्या दिवसांत येणारं ते धुरकं (धूर आणि धुकं मिळून झालेलं) पसरलेलं. सूर्य होता, पण आजाऱ्यासारखा. तिच्या आवाजातलं रडू मला ऐकू आलं. गाडीचं सोडा, या पोरीनं एवढ्या दिवसांची चोरून केलेली मेहनत एका दसऱ्यापायी वाया जाणार होती.

मग आम्ही पॅनेल बांबूंवरून सोडवलं आणि मी ते दोन्ही हातांनी धरून अंगणात स्टूल घेऊन बसले. बांबूवर बांधलेलं पॅनेल दिवसभर एकीकडेच तोंड करून असतं. हातात धरलं तर सूर्याकडे वळवत नेता येतं, तेवढीच जास्त वीज. सकाळी मी पूर्वेकडे तोंड करून बसले होते. दुपारी वारा सुटला, धुरकं विरलं आणि डबीवरचा हिरवा दिवा लागला. मनीषानं आतून ओरडून सांगितलं, तेवढ्यावर मला दुपारचं जेवण गोड लागलं. ती मला तिथंच घास भरवत होती. भाभी येऊन विचारून गेली की दीदी हे हातात का धरून बसल्यात. मनीषानं सांगितलं, ननद की मन्नत है. भाभीनं पॅनेललाही नमस्कार केला आणि गेली. मी स्टूल सरकवत सरकवत पश्चिमेकडे तोंड करून दिवस संपवला. लाल किल्ला बघायचा दिवस असा गेला, पण मला त्याची हळहळ वाटली नाही.

संध्याकाळी आम्ही रेडिओ लावला नाही. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्याबरोबर मी पुन्हा स्टुलावर. संतोषचं विमान दुपारी उतरणार होतं. निघायची वेळ झाली तेव्हा मनीषानं कापड काढलं, वायर सोडवली, पंखा, दिवे, रेडिओ सगळं बंद केलं. मी शेजारी बसले. तिनं मीटर बघितलं होतं, पण आकडा मी विचारला नाही. तिनं किल्लीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी काचेवर दोनदा टकटक केली.

इंजिन एकदा कण्हलं, दुसऱ्यांदा कण्हलं, आणि मग लागलं. माझ्या दोन्ही दंडांत कळा येत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गाडी लिंबाखालून निघाली तेव्हा बिमला भाभी दारात उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला. मनीषानं काच खाली करून तिला सांगितलं, "भाभी, अब बता दो सबको." संतोष तेव्हा विमानात बसलेला होता आणि त्याचा फोन बंद होता. बातमी कितीही धावली तरी या वेळी आम्ही तिच्या पुढे होतो.

फाटक आलं. सिग्नल आला. पुलाखालून डावीकडे. सगळं आम्ही उभ्या गाडीतून इतक्या वेळा बघितलं होतं की खऱ्या रस्त्याचं भयच उरलं नव्हतं. मनीषा जपून चालवत होती, आणि दिल्लीची वाहनं आजूबाजूनं आमचा उद्धार करत पुढे जात होती.

विमानतळाच्या दाराशी संतोष मोठी बॅग घेऊन आला. उन्हानं आणि बर्फानं चेहरा काळवंडलेला, डोळे ओढलेले. आधी त्याला मी दिसले, तो पाया पडला, मग गाडी दिसली. सवयीनं तो सरळ उजव्या दारापाशी गेला, दार उघडलं, आणि तसाच उभा राहिला. मनीषा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होती.

"बॅग मागं ठेवा," ती म्हणाली. "आणि डाव्या बाजूनं बसा, इथं थांबू देत नाहीत."

माझा भाऊ बॅग मागं ठेवून स्वतःच्या गाडीत पहिल्यांदाच डावीकडून बसला. मी मागच्या सीटवर होते. घरापर्यंत त्याचा उजवा पाय फरशी दाबत होता. एकदा तो म्हणाला, गिअर खाली घे, तिनं आधीच घेतला होता. एकदा विचारलं, बॅटरी नवी टाकली का? नाही, जुनीच आहे, ती म्हणाली. घरी आल्या आल्या त्यानं बॉनेट उघडलं, वायर न् वायर ओढून बघितली, चिमटे हलवून बघितले, आणि बॉनेट आवाज न करता लावलं. त्याला खोट सापडली नाही, हे मी ओळखलं. तरी पालमच्या माणसाचा विषय त्यानं सोडला नाही. चार दिवसांनी येईल, म्हणाला. मनीषानं वाद घातला नाही. ती रोज सकाळी पॅनेल पुसत राहिली आणि तो खिडकीतून बघत राहिला. मधेच मला हळूच म्हणाला, "अक्का, वर झोप लागत नाही. हवाच नसते. आणि आता सवयच मोडली."

तो माणूस यायच्या आधीच माझी परतीची गाडी होती, दुपारची. संतोष म्हणाला, स्टेशनला मी सोडतो. मनीषानं किल्ली आधीच हातात घेतली होती. मग मी पुढे तिच्याशेजारी बसले आणि तो मागे, माझी पिशवी मांडीवर घेऊन. गर्दी तुफान होती. रिक्षा, बस, हॉर्नचा नुसता कालवा. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, मागून एकही सूचना आली नव्हती. मी वळून बघितलं.

संतोष झोपला होता. मान काचेला टेकलेली, तोंड किंचित उघडं, दोन्ही पाय सैल. लहानपणी आईच्या मांडीवर झोपायचा तसा, अगदी गाढ.

मी मनीषाला खूण केली. तिनं आरशात बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. मग स्टेशनपर्यंत तिनं एकदाही हॉर्न वाजवला नाही. दिल्लीत हे करून दाखवणारी दुसरी बाई मला भेटायची आहे. स्टेशनला तिनं इंजिन चालूच ठेवलं, बंद केलं तर तो जागा होईल म्हणून. हळूच म्हणाली, "अक्का, उठवू?"

मी म्हटलं, नको. त्याच्या मांडीवरची पिशवी हलकेच काढून घेतली, दार न आपटता लोटलं, आणि भावाचा निरोप न घेताच फलाटाकडे गेले.

मथुरेच्या आसपास त्याचा फोन आला. आवाजात चांगलाच राग होता. "मला उठवलं का नाहीस? पुन्हा कधी भेटणार आपण?"

"तू झोपला होतास," मी म्हटलं.

मग तो म्हणाला, "पालमच्या माणसाला नको म्हणून कळवलंय. मनीषाला गाडी हवी आहे."

आता मी पुन्हा माझ्या गाडीवर रुजू झाले आहे. डेपोत सगळे विचारतात, दिल्लीला काय काय बघितलं, लाल किल्ला बघितला का? मी नाही म्हणते. दिल्लीचा सूर्य मात्र मी सकाळपासून मावळेपर्यंत बघितला, मांडीवर घेऊन बघितला म्हटलं तरी चालेल. पुढच्या दसऱ्याला आमच्या गाडीला हार घालताना ड्रायव्हरदादांना मी सांगणार आहे, काच सोडून घाला. आणि सकाळी निघायच्या वेळी डबल बेल देताना मला अजून संतोषचे ते मागच्या सीटवरचे सैल पडलेले पाय आठवतात. ज्याच्या हाती स्टिअरिंग असताना तो झोपेल असं एक माणूस दिल्लीत आहे, एवढं मला पुरे आहे.